पंचवीस तारखेचं विमान

ओउलू, ९ मे २०१६

यार्मो,

मायना काय लिहावा ते सुचलं नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं. अक्षर ओळखून पाकीट बाजूला ठेवलं असशील तर माझं काही म्हणणं नाही. उघडलं असशील तर वाच. फार लांब नाही.

मी तीन आठवड्यांपूर्वी पर्थहून आले. आईकडेच राहते आहे. पंचवीस तारखेला परत जाते, दुपारच्या विमानानं हेलसिंकी, तिथून सिंगापूर, मग घर. सुट्टी याहून वाढत नाही. प्रयोगशाळेत गव्हाचे नमुने तपासायला दोघीच जणी आहोत, आणि दुसरी बाळंतपणाच्या रजेवर गेली आहे.

आईनं तळघरातली आपली अडगळीची खोली रिकामी करायला लावली आहे. तुझं बरंच सामान निघालं. बर्फावरचे बूट, सागरी शाळेचा निळा कोट, रेडिओचे सुटे भाग भरलेला खोका, भूगोलाच्या तीन वह्या. आई म्हणते, फेकून दे, त्याला हवं असतं तर नेलं असतं. मी फेकलेलं नाही. खोक्यावर तुझं नाव लिहून ठेवलं आहे. चाळीस किलोमीटरवर तर राहतोस. कधी येऊन घेऊन जा. मी असताना नको असेल तर मी गेल्यावर ये.

आई ठीक आहे. तुला कुणी सांगितलं आहे की नाही ठाऊक नाही, पण दोन वर्षं झाली, तिच्या किडन्या काम करत नाहीत. मंगळवार, गुरुवार, शनिवार टॅक्सी येते आणि तिला डायलिसिसला घेऊन जाते. चार तास मशीनवर. परत आली की राखाडी दिसते, पण जीभ तीच. काल माझी बॅग भरायला बसलो. म्हणजे मी भरत होते आणि ती खुर्चीवर बसून हुकूम सोडत होती. राईचा पाव सहा पाकिटं, कॉफी चार, तिनं विणलेले मोजे. मी म्हटलं, आई, तेवीस किलोच्या वर नेता येत नाही. ती म्हणाली, "मग तुझे कपडे काढ. तिकडे उन्हात कपडे लागतात कशाला?" तरीही वजनकाट्याला बॅग अडकवून आकडा तीच वाचते. चष्म्याशिवाय वाचते आणि चुकीचा वाचते.

तुझ्याबद्दल ती बोलत नाही. पण एक सांगते. वर्षातून दोनदा ती बेटावर बाबांच्या कबरीवर जाते, मे महिन्यात आणि नोव्हेंबरात, सगळ्या संतांच्या दिवशी. बस तुझ्याच फेरीबोटीवर चढते, आणि बेटापर्यंतचा अर्धा तास ती खाली बसमध्ये बसून असते, तू वर सुकाणूच्या केबिनमध्ये. मी विचारलं, दिसतो का कधी? म्हणाली, "दिसायचं काय त्यात. फेरी नीट चालवतो. धक्क्याला लागताना चहाच्या कपातला चहा हलत नाही."

एवढंच लिहायचं होतं.

सिर्पा


ओउलू, १४ मे

यार्मो,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. हे पत्र टाकीन की नाही माहीत नाही. आई डायलिसिसला गेली आहे आणि घरात करण्यासारखं काही उरलेलं नाही, कारण जे होतं ते सगळं देऊन झालं आहे.

हेच लिहायला बसले. आई सगळं देऊन टाकते आहे. खिडकीतली जिरेनियमची फुलझाडं शेजारणीला दिली. शिवणयंत्र चर्चच्या विक्रीसाठी गेलं. हातमागावरची लांब चटई मला, कॉफीचे निळ्या फुलांचे कप मला. मी म्हटलं, बॅगेत फुटतील. म्हणाली, मोज्यांत गुंडाळ. सहाच्या सहा कप तिनं स्वतः मोज्यांत गुंडाळले. मग मी विचारलं, तू कॉफी कशातून पिशील? तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी गैर बोलले. नळाखालचा पांढरा मग दाखवून म्हणाली, "हा आहे ना."

गुरुवारी वर्तमानपत्राच्या कचेरीत फोन करून तिनं एक जूनपासून पेपर बंद केला. पन्नास वर्षांचा पेपर. मला म्हणाली, डोळे दुखतात. ज्या बाईला वजनकाट्यावरचा आकडा दिसत नाही ती रोज सकाळी मरणाच्या बातम्या आधी वाचते आणि मग हवामान, आणि तिचे डोळे आजवर दुखले नव्हते.

फ्रिजवर कॅलेंडर आहे. डायलिसिसच्या दिवसांवर ती पेन्सिलनं फुली मारते. पूर्ण वर्षाच्या फुल्या जानेवारीतच मारून ठेवते, तिला तसंच आवडतं. काल मी दूध काढताना बघितलं. चोवीस मेनंतरच्या फुल्या खोडरबरानं पुसल्या आहेत. जून कोरा. जुलै कोरा. कागदावर पेन्सिलीचे खड्डे तेवढे दिसतात.

मी विचारलेलं नाही. दूध ओतलं आणि दार लावलं.

आपल्या घरात विचारत नाहीत हे कारण मी नेहमी देते. खरं कारण असं आहे की मला उत्तर माहीत आहे, आणि ते तिच्या तोंडून ऐकलं की मला काहीतरी करावं लागेल.

सि.


ओउलू, १७ मे

यार्मो,

आज तिनं सांगितलं. मी शब्द दिला आहे की तुला सांगणार नाही. म्हणून हेही पत्र टाकणार नाही. पण लिहिते.

दुपारी ती मशीनवरून परत आली तेव्हा हान्नेले आलेली होती. हान्नेले म्हणजे घरी येणारी नर्स, आपल्या वयाची, जाड काचांचा चष्मा, मोठ्यानं बोलत नाही. आईनं कॉफी ओतली, मला बसायला सांगितलं आणि साखरेचं भांडं मधोमध ठेवलं. मग म्हणाली, "सिर्पा, चोवीस तारखेचं माझं शेवटचं. त्यानंतर मी मशीनवर बसणार नाही."

मी म्हटलं, डॉक्टरांना माहीत आहे का. तिनं मार्चमध्येच सांगितलं होतं. सह्या झाल्या आहेत. मी यायच्या आधीच.

हान्नेलेनं पुढचं समजावून सांगितलं. मशीन बंद झालं की आठवडा, दहा दिवस, क्वचित जास्त. झोप वाढत जाते. दुखणार नाही, त्याची औषधं आहेत. ती दिवसातून दोनदा येईल, आणि लागलं तर रुग्णालयात खाट राखून ठेवली आहे. हे सगळं ती माझ्याकडे बघून सांगत होती आणि आई पाव कापत होती.

मी म्हटलं, मी तिकीट बदलते.

"बदलायचं नाही," आई म्हणाली. "म्हणून तर चोवीस ठरवली. तुझं विमान पंचवीसचं. तू निघून गेलेली मला बघायची आहेस. कुणी खुर्चीत बसून माझे श्वास मोजत बसलेलं मला चालणार नाही. तुझ्या बाबांजवळ मी सहा आठवडे तशी बसले. ते काय असतं ते मला माहीत आहे, आणि त्यांना ते आवडत नव्हतं हेही माहीत आहे."

मी तुझं नाव काढलं.

"त्याला नंतर कळव. सगळं झाल्यावर."

"आई, परत तेच?"

तिनं सुरी खाली ठेवली. "नऊ वर्षं तो माझ्याशिवाय बरा आहे. आता मरताना बोलावून काय करू? मी त्याची माफी मागू, की त्यानं मला माफ करावं म्हणून वाट बघू? दोन्ही माझ्यानं होणार नाही. शब्द दे."

हान्नेले कपात बघत होती. मी शब्द दिला. मग आतल्या खोलीत जाऊन बॅगेचं वजन केलं. एकवीस किलो चारशे ग्रॅम. अजून दीड किलो जाईल असं मनात आलं. खरंच हेच आलं. दुसरं काही आलं नाही. रडू येईल म्हणून मी पलंगावर बसून थोडी वाट पाहिली. आलं नाही, मग उठून मोजे नीट रचले.

आता जे तुला नऊ वर्षं सांगितलं नाही ते.

बाबांना काय झालं आहे हे कळलं त्या आठवड्यात मी पर्थहून आले होते. तू ब्राझीलच्या वाटेवर होतास. आई म्हणाली, त्याला जहाजावरून उतरता येणार नाही, भर समुद्रात एकट्यानं रडत बसेल, त्यापेक्षा नको. मला ते पटलं नव्हतं. पण मी काही बोलले नाही, आणि मग रोज तुझ्या निरोपांना मीच उत्तर लिहीत गेले. इकडे सगळं ठीक. बर्फ वितळला. बाबा बरे आहेत. एका रविवारी तू सांतोसच्या बंदरातून फोन केलास. मी उचलला. तू विचारलंस, बाबा कुठे आहेत. ते बाजूच्या खोलीत होते. दार उघडं होतं, आणि त्यांनी तुझं नाव ऐकून डोळे उघडले होते. मी म्हटलं, झोपलेत.

तू म्हणालास, बरं, राहू दे, उठवू नकोस.

त्यांनी हात वर केला होता, फोन मागायला. मी पाहिला. तू आजवर समजत असशील की आईनं ठरवलं आणि मी फक्त गप्प बसले. तसं नाही. फोन माझ्या हातात होता.

त्यानंतर चार दिवसांनी ते गेले. दफन झालं. तुला रॉटरडॅमच्या बंदरात आईचं पत्र मिळालं तेव्हा कबरीवरची फुलं सुकून गेली होती. नंतर तू जहाजावरची नोकरी सोडून त्याच बेटाच्या फेरीवर का आलास, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला तू फोन घेत नव्हतास.

आणि एक. आई आज "बदलायचं नाही" म्हणाली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. तिकीट आहे, तारीख आहे, जावं लागणार आहे, आणि ते तिनंच सांगितलं आहे. दिवसभरात मला एवढीच एक गोष्ट नीट जाणवली. ती ही.

सिर्पा


फेरीच्या धक्क्यावर, २५ मे, दुपारी बाराला दहा कमी

यार्मो,

मी धक्क्यावरच्या लाकडी निवाऱ्यात बसून लिहिते आहे. बॅग बाजूला आहे. समोरून तुझी फेरी येताना दिसते आहे. विमानतळ इथून दहा मिनिटांवर, विमान चार वाजता.

मी दिलेला शब्द मोडते आहे. सरळ लिहिते, म्हणजे तुला शोधावं लागणार नाही.

आईनं काल शेवटचं डायलिसिस घेतलं. आता घेणार नाही. तिच्याकडे आठवड्याचा वेळ आहे, फार तर दहा दिवस. ती घरी आहे, शुद्धीत आहे, आणि तिनं तुला कळवायचं नाही असं सांगितलं आहे. इमारत तीच, दुसरा मजला, पण बाहेरच्या दाराच्या कुलुपाचा आकडा बदलला आहे, आता ४४७१. हान्नेले नावाची नर्स सकाळी नऊला आणि संध्याकाळी सहाला येते. तिला मी आज सकाळी सांगितलं की तू कदाचित येशील. ती म्हणाली, बरं होईल.

तू जाशील की नाही ते तुझं तू ठरव. पण या वेळी तुला माहीत नव्हतं असं होऊ द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं.

निघताना आईनं दारात माझ्या कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. म्हणाली, तिकडे हिवाळा लागतोय ना. मग म्हणाली, जा, टॅक्सी थांबली आहे. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो ठेवला तेव्हा तो कुणा दुसऱ्याचा हात असल्यासारखं वाटलं. ती म्हणाली, "पोचल्यावर फोन कर. उशिरा करू नकोस." यातलं उशिरा म्हणजे किती, ते आम्ही दोघींनी धरून घेतलं.

आधीची दोन पत्रंही याच पाकिटात घातली आहेत. बाकी काही वाचलं नाहीस तरी हे वाच.

फेरी लागली.

सिर्पा


सिंगापूरचा विमानतळ, २६ मे

यार्मो,

पाकीट तुझ्या हाती पडलं हे मला माहीत आहे. तू उघडलंस की नाही हे माहीत नाही. खालून मला जे दिसलं ते लिहिते. तू वर होतास, तुला वेगळं दिसलं असेल.

मी पायीच फेरीवर चढले. कठड्याशी एक बाई गाड्या लावून घेत होती, नारिंगी जाकीट, पन्नाशीची. छातीवर राइया असं नाव. तिला म्हटलं, कप्तानाला एक पाकीट द्यायचं आहे. तिनं पाकीट उलटं करून माझं नाव वाचलं आणि म्हणाली, "तू ती ऑस्ट्रेलियाची बहीण." मग म्हणाली, "तुझं आणखी एक आलं होतं ना मागे. ते वर कॉफीच्या कपाटात आहे. बंद. डब्यामागे ठेवलंय त्यानं. मी कॉफी काढताना रोज बघते."

म्हणजे तू पहिलं पत्रसुद्धा उघडलं नव्हतंस. मी इतके दिवस उत्तराचा विचार करत होते.

फेरी सुटली. मी वर बघितलं. काचेतून तू दिसलास. बाबांसारखा उभा राहतोस, एक खांदा खाली. केस गेले तुझे. तू मला पाहिलंस आणि परत समोर बघायला लागलास, जसं फेरी चालवणाऱ्यानं बघायला हवं तसं.

मला तेव्हा कळलं की हे पाकीटही डब्यामागे जाणार. मी राइयाचा हात धरला. अनोळखी बाईचा. म्हटलं, "त्याला पाकीट देऊ नका नुसतं. सांगा. आई आठवड्याभरात जाणार आहे, आणि बाबांच्या वेळी केलं तेच परत चाललं आहे. या शब्दांत सांगा."

तिनं पाकीट जाकिटात घातलं आणि लोखंडी जिन्यानं वर गेली.

मग बेट आलं. गाड्या उतरल्या, दुसऱ्या चढल्या. मी खालीच उभी होते. चर्चचं टोक झाडांवरून दिसत होतं, पण तिथवर जायला वेळ नव्हता. परतीच्या अर्ध्या तासात राइया खाली आली नाही. धक्का जवळ आला तेव्हा आली. मी विचारलं, काय म्हणाला. ती म्हणाली, "काही नाही. पाकीट घेतलं. मला म्हणाला, जा, दोर सांभाळ."

फेरी धक्क्याला लागली. खरंच हलत नाही रे. आई म्हणते ते बरोबर आहे.

बस्स, मग मी उतरले. टॅक्सी, विमानतळ, बॅग बावीस किलो नऊशे. तिथल्या मुलीनं म्हटलं, छान जमवलंत. तिथेच हातातली पिशवी तपासताना आईनं दिलेली रानबेरीच्या मुरंब्याची बरणी त्यांनी काढून घेतली, कारण द्रव आहे म्हणे. मी म्हटलं, घ्या. तपासणारा माणूस माझ्याकडे बघत राहिला. बहुतेक लोक भांडत असावेत.

विमानात मी दोन्ही वेळचं जेवण संपवलं. झोपलेसुद्धा. शेजारच्या बाईनं विचारलं, घरी गेला होतात का. मी म्हटलं, हो. आई बरी आहे ना? मी म्हटलं, हो. नऊ वर्षांपूर्वीचा तो आवाज तोंडातून जसाच्या तसा बाहेर आला. मला स्वतःला ऐकू आला.

पुढचं विमान पन्नास मिनिटांनी आहे.

सिर्पा


पर्थ, ५ जून

यार्मो,

परवा तुझा निरोप आला. "आई गेली. दुपारी तीन दहा. मी होतो." मी तेव्हा कामावर होते, गव्हाच्या दाण्यांतला ओलावा मोजत होते. वाचला आणि फोन खिशात ठेवला. अकरा नमुने राहिले होते. ते पूर्ण केले. आकडे वहीत उतरवले. नंतर कुणी तपासले तर त्यात एकही चूक निघणार नाही.

मी होतो. हे दोन शब्द मी सारखे वाचते आहे.

मी सत्तावीसला पोचले आणि लगेच फोन केला होता. आईनं उचलला आणि पहिलंच वाक्य, "तू बोललीस." मी हो म्हटलं. ती म्हणाली, "तुला एक गोष्ट सांगितली होती. एकच." आणि ठेवून दिला. त्यानंतर तीन वेळा केला, तिनं उचलला नाही. चौथ्या वेळी तू उचललास. तुझा आवाज नऊ वर्षांनी ऐकला तो असा: "ती झोपली आहे."

मला वाटलं तू सूड उगवतो आहेस. मग मागून तिचं घोरणं ऐकू आलं.

तू म्हणालास, उठवू का. मी म्हटलं, नको, राहू दे. मग फोन कुणी आधी ठेवला आठवत नाही.

नंतरच्या दिवसांत तू एकदाच लिहिलंस, की आता ती फारशी बोलत नाही. मी येऊ का, असं मी विचारलं नाही. तू ये म्हटलं नाहीस. सव्वा दिवसाचा प्रवास आहे, असं मी स्वतःला सांगत होते. तो आधीही तेवढाच होता.

दफन कधी आहे हे मी विचारणार नाही. तुला विचारायला कुणी जागा ठेवली नव्हती, तेव्हा मीही विचारायची नाही. तुला सोयीचं होईल तेव्हा कर. झाल्यावर कळवलंस तरी चालेल. नाही कळवलंस तरी मला बोलायला तोंड नाही.

इथे आज पाऊस आहे. बॅग रिकामी केली. कप सहाही शाबूत निघाले. त्यातल्या एकात कॉफी करून ठेवली आणि ती गार झाली.

सिर्पा


बेटावरून, १९ जून २०१६

ताई,

मला पत्र लिहायची सवय नाही. राइया म्हणाली, फोन कर. फोनवर मी काय बोलणार? म्हणून लिहितो. चुका काढू नकोस.

तुझं पाकीट मी त्याच फेरीत उघडलं नाही. हातात सुकाणू होतं. पाळी संपल्यावर गाडीत बसून वाचलं, कपाटातलं पहिलंसुद्धा. मग घरी गेलो. आईकडे दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, लगेच नाही. हे तुला माहीत असावं. रात्रभर मी जायचं नाही असंच ठरवलं होतं.

हान्नेलेनं दार उघडलं. आई स्वयंपाकघरात बसली होती. मला बघून म्हणाली, "आज फेरी बंद आहे का?" मी म्हटलं, सुट्टी काढली. ती म्हणाली, "मग फ्रिज साफ करून टाक, बर्फ साठलाय." मी केला. दोन तास लागले. ती खुर्चीवर बसून कुठे बर्फ राहिला ते दाखवत होती.

तिसऱ्या दिवशी ती पलंगावरून म्हणाली, "तुला सांगायला हवं होतं. तुझ्या बाबांचं." मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मला वाटलं तू एकटा तिकडे कसा सोसशील. ते चुकलं." मी परत हो म्हटलं. एवढंच बोलणं झालं. त्यानं काही बरं झालं असं मी म्हणणार नाही. पण ती बोलली आणि मी तिथे होतो.

शेवटी दोन-तीन दिवस ती तुझ्या विमानाचंच विचारत होती. उडालं का. मी म्हणायचो, उडालं. ती म्हणायची, वेळेवर? मी म्हणायचो, वेळेवर. मग झोपायची.

बाबांनी हात वर केला होता, हे वाचून मी तीन दिवस फेरीवर गेलो नाही. दुसऱ्या कप्तानानं पाळ्या केल्या. तू ते लिहिलं नसतंस तर मला कधी कळलं नसतं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं की नाही हे मला ठरवता येत नाही. तू आईला सोडून विमानात बसलीस, तेही मला कळत नाही. रागानं लिहीत नाही. खरंच कळत नाही.

आता कामाचं. दहन झालं, ते थांबवता येत नव्हतं. राख चर्चमध्ये आहे, लहान खोलीत, टेबलावर, तिच्या नावाची चिठ्ठी लावलेली. बाबांच्या शेजारची जागा तिची आहे. चर्चच्या कचेरीतल्या बाईंनी राख पुरायची तारीख विचारली. मी म्हटलं, बहीण येईल तेव्हा. त्या म्हणाल्या, त्या कधी येणार? मी म्हटलं, माहीत नाही, विचारतो.

म्हणून विचारतो आहे. ऑगस्टात मला दोन आठवडे रजा मिळते. तुला नाही जमलं तर सप्टेंबर, ऑक्टोबर. जमीन गोठेपर्यंत चालतं म्हणाल्या, आणि त्यानंतर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ठेवता येतं. मी तसं लिहून दिलं आहे, सही करून.

तारीख कळव. तू येईपर्यंत मी तिला मातीत ठेवणार नाही.

यार्मो